एका कान्याचं अंतर

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, क्राइमच्या बातम्यांमधले थरारक अनुभव लिहा." मी हो म्हणून बसले आणि मग आठवडाभर थरार शोधत राहिले. सापडला नाही. सव्वीस वर्षं मी भिलाईतल्या एका हिंदी दैनिकाच्या कार्यालयात नोकरी केली, पण त्यातला बहुतेक काळ खुर्चीत गेला. बातमीदार बाहेरून बातमी आणायचे, मी ती दुरुस्त करायची, तिला शीर्षक द्यायचं आणि पानात बसवायची. चोरांच्या मागे मी कधी धावले नाही. धावले ती घड्याळाच्या मागे, कारण शहराचं पान दिवेलागणीला सुटलं नाही तर रायपूरहून प्रेसवाल्यांचा फोन यायचा आणि त्या फोनवर जे ऐकावं लागायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात, आमच्या भाषेत प्लांटात, नोकरीला आले. मी सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये वाढले. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, मैत्रिणीच्या आईशी छत्तीसगढी, असं आमचं तीन तोंडांचं बालपण. त्याचा नोकरीत उपयोग झाला. आमच्या कार्यालयात मराठी येणारी मी एकटीच होते. एखाद्या घटनेतलं घर विदर्भाकडचं निघालं की साहू, म्हणजे आमचा क्राइम रिपोर्टर, माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचा, "दीदी, आपके वाले हैं, चलिए." मग मी पदर खोचून त्याच्या स्कूटरवर मागे बसायची. लोक साहूसमोर तोंड उघडायचे नाहीत. मी मराठीत दोन वाक्यं बोलले की उघडायचे. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

शीर्षक कसं लिहितात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यात प्रतिभेपेक्षा फूटपट्टीचं काम जास्त. एका कॉलमात मोठ्या टाइपात सात-आठ अक्षरं मावतात. "मानसिक रोग से पीड़ित" हे शब्द कितीही दाबून बसवले तरी मावत नाहीत. "सनकी" मावतो. "सिरफिरा" जरा ओढूनताणून मावतो. पोलिसांच्या कागदावर कधीमधी "विक्षिप्त", म्हणजे हिंदीत वेडा, असायचं, ते आम्ही आतल्या मजकुरात ढकलायचो. लोकांना वाटतं, असले शब्द आम्ही तिखटमीठ लावायला वापरायचो. लावायचोच. पण निम्म्या वेळा तो शब्द केवळ मावतो म्हणून तिथं यायचा. आणि एकदा "सनकी" लिहिलं की पुढचे प्रश्न कुणी विचारत नसे. भांडण कशावरून झालं, दारू होती का, शेतीचा वाद होता का, काही नाही. सनकी होता, त्यानं मारलं, झालं.

डॉक्टरचा कागद कुणी मागितला नाही. मीही नाही.

एकदा एक गृहस्थ पेढ्यांचा डबा घेऊन आले. त्यांच्या मुलानं भांडणात एकाच्या डोक्यात रॉड घातला होता आणि त्यांची विनंती अशी की बातमीत मुलाला "विक्षिप्त" लिहावं, वकिलानं तसं सुचवलंय. मुलगा बाहेर मोटरसायकलला टेकून मोबाइलवर हसत बोलत होता, तो मला खिडकीतून दिसत होता. मी म्हटलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. ते गृहस्थ मनापासून चकित झाले. "मैडम, बाकियों को तो आप लोग बिना कागज के लिख देते हैं." मी त्यांना रागारागानं घालवून दिलं. ते खरं बोलत होते, म्हणूनच राग आला होता.

दुसरी एक बाई आली होती, प्राथमिक शाळेतली शिक्षिका. आदल्या दिवशीच्या अंकाची घडी तिच्या हातात होती. तिनं शांतपणे सांगितलं की ज्या आजाराचं नाव तुम्ही या खुनाच्या बातमीत छापलंय, तोच मला पंधरा वर्षांपासून आहे. रोज गोळी घेते, रोज चौथीचा वर्ग घेते. कालपासून शेजारीण आपल्या मुलीला माझ्याकडे शिकवणीला पाठवत नाही. माझं नाव नको, पण असेही लोक असतात एवढी एक ओळ छापा. मी ती विनंती आमच्या प्रभारींकडे नेली. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "इसमें खबर कहाँ है?" बाहेर येऊन मी बाईंना सांगितलं की आम्ही बघतो. त्या समजल्या आणि उठल्या.

हे सगळं सांगायचं टाळता आलं असतं. पण पुढची गोष्ट सांगायची तर आमच्या टेबलावर हवा कशी होती ते ठाऊक हवं.

विलास मरोद्याचा, म्हणजे भिलाईच्या कडेच्या वस्तीतला. वय पस्तिशीच्या आसपास, आईचा एकुलता एक. वडील प्लांटातून निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, त्यांनी मरोद्यात दोन खोल्या बांधल्या आणि वर्षभरात गेले. विलास आयटीआयमध्ये शिकत असताना आजारी पडला होता. कानात आवाज यायचे, कुणी तरी मागून येतंय असं वाटायचं. त्याची आई कमलाबाई त्याला सायकलरिक्षातून दवाखान्यात नेत राहिली. गोळ्या लागू पडल्या. आवाज गेले नाहीत, पण बारीक झाले. तो सायकलवरून भाजी आणायचा, पाणी भरायचा, आणि सकाळी आईला आमचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. कमलाबाईंना हिंदी ऐकून कळायचं, अक्षर मात्र कोणत्याच भाषेतलं कळत नव्हतं. पहिल्या पानापासून सुरुवात, मग निविदा, सोन्याचा भाव, शोकसंदेश, सगळं. आई भाजी निवडत ऐकायची. वाचून झालं की विलास पेपरची नीट घडी घालून गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या निवृत्त शिक्षकांना नेऊन द्यायचा. त्यांना सगळे मास्टरजी म्हणायचे. ते एकटे राहत.

त्या सकाळी विलास पेपर घेऊन गेला तेव्हा दार उघडं होतं आणि मास्टरजी ओसरीवर पडले होते. डोक्याला मार लागला होता, जीव गेलेला होता. विलासनं कुणाला हाक मारली नाही. तो खाली बसला, मास्टरजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि तसाच बसून राहिला. लोकांना तो त्या स्थितीत सापडला, शर्टावर रक्त. पोलिसांनी विचारलं, तूने मारा? तो हो म्हणाला. पुढं हवालदारानं विचारलं, पानी पिएगा? त्यालाही हो म्हणाला. हे दुसरं उत्तर मला त्याच हवालदाराकडून कळलं, पण बातमी छापून गेल्यावर.

दुपारी साहू मला मरोद्याला घेऊन गेला. कमलाबाई अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या, भोवती चारपाच बायका. साहूच्या प्रश्नांवर त्या नुसत्या बघत होत्या. मी जवळ बसून म्हटलं, "मावशी, सकाळपासून काही पोटात गेलं का?" त्यांनी वर पाहिलं. मराठी हायस का व तू, म्हणाल्या, आणि माझा हात धरला. मग त्या बोलल्या. त्यांचं बोलणं मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"येडा आहे व माहा पोरगा, बाई. त्याले काही बी इचार, हो म्हनते. तू म्हन, का तूच राजा हायस, तं हो म्हनन. पोलिसायनं इचारलं असन तुनं मारलं का, तं त्याले बी हो म्हनलं असन त्यानं. मास्टरजीले तो रोज पेपर देत होता, बाई. त्यायले कावून मारन तो?"

आमच्याकडे आई "येडा" कसं म्हणते ते कुणाला समजावून सांगायला नको. माझी आई मला जेवताना म्हणायची, येडी, आणखी एक घे. त्या शब्दात मुलाचा भोळेपणा असतो आणि त्याच्यावरचा जीव असतो. मी वहीत तिथल्या तिथं हिंदी करून लिहिलं: पगला है मेरा बेटा, जो पूछो हाँ कह देता है. परतताना स्कूटरवर मला त्या वाक्याचा आनंद झाला होता. येड्याला पगला, अगदी नेमका शब्द सापडला होता. एक म्हातारा मेलाय, एक मुलगा ठाण्यात आहे, आणि मी शब्द नेमका सापडला म्हणून खूश होते. आमच्या धंद्यात हे असं होतं.

कार्यालयात आल्यावर पान लावायला बसलो. मोठं शीर्षक सरांनी आधीच ठरवलं होतं: सनकी ने बुजुर्ग को मार डाला. पोलिसांनी अजून फक्त चौकशीसाठी नेलंय, असं मी म्हटलं. सर म्हणाले, कबूल केलंय त्यानं. खाली लहान टाइपात आईचं वाक्य द्यायचं ठरलं, कारण ते फक्त आमच्याकडे होतं. पण अख्खं वाक्य मावेना. जाहिरात आली होती, बातमीची उंची कमी झाली होती. सरांनी "जो पूछो हाँ कह देता है" यावर बोट ठेवून ते काढायला सांगितलं. मी काढलं. उरलं: माँ बोली, पगला है मेरा बेटा. सरांनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. "पगला मत लिखो. ऐसा लग रहा है माँ लाड़ कर रही है."

माय लाडच करून राहिली होती, सर. एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. कोणत्याही भाषेत चाललं असतं. मी म्हटलं नाही. घड्याळ पुढं सरकत होतं, प्रेसचा एक फोन येऊन गेला होता, आणि सर उभे होते. पगला आणि पागल, अक्षरं तीच. प, ग आणि ल. फक्त काना शेवटच्या अक्षरावरून उचलायचा आणि पहिल्यावर ठेवायचा. कीबोर्डवर त्याला क्षणभरही लागत नाही. तो काना मी सरकवला. ऑपरेटरनं नाही, सरांनी नाही, मी.

दुसऱ्या दिवशी त्या बातमीचं कौतुक झालं. दुपारपर्यंत मोबाइलवरच्या दोन न्यूज चॅनेलवाल्यांनी ती उचलली होती आणि त्यांच्याकडे तिचं "माँ ने भी माना" असं झालं होतं. म्हणजे आईनं कबूलच केलं. बाई मुलगा निर्दोष आहे हे जीव तोडून सांगत होती, आणि चोवीस तासांत तिचीच साक्ष मुलाच्या विरोधात उभी होती.

पाचव्या दिवशी मास्टरजींच्या पुतण्याला अटक झाली. घर नावावर करून देत नाहीत म्हणून त्यानं मारलं होतं. पुतण्या दुकानात कामाला होता, डोकं ठिकाणावर, कपडे इस्त्रीचे. आम्ही छापलं: मकान के लिए भतीजे ने ली जान. त्याच्या डोक्याबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नाही. धडधाकट माणसानं खून केला, असं शीर्षक मी सव्वीस वर्षांत एकदाही दिलं नाही. विलासला सोडल्याची बातमी आतल्या पानावर आली, चार ओळी, शीर्षकाशिवाय.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी कमलाबाई आमच्या कार्यालयात आल्या. मरोद्याहून चालत आल्या असाव्यात, पायांवर धूळ होती. मला वाटलं, पोलिसांबद्दल काही तक्रार असेल. त्यांनी जे सांगितलं ते असं.

विलास ठाण्यातून घरी आला, आंघोळ केली, जेवला आणि मागच्या पाच दिवसांचे पेपर मागितले. ते येतच होते, कमलाबाईंनी एकावर एक ठेवले होते. तो नेहमीच्या जागी बसला आणि तारखेप्रमाणे मोठ्यानं वाचू लागला. पहिल्याच अंकात त्यानं स्वतःची बातमी वाचली, तशीच, निविदा वाचतात त्या आवाजात. मग आईचं वाक्य आलं. तिथं तो थांबला. पुन्हा वाचलं. मग आईला विचारलं, तू असं म्हनलं? येडा म्हनलं होतं बावा, एवढं त्या म्हणाल्या. तो म्हणाला, मंग तेच तं छापलं.

घरात पागल हा शब्द कधीच नव्हता. गोळीला त्या डोक्याची गोळी म्हणायच्या, जशी गुडघ्याची गोळी असते तशी. रस्त्यावरची पोरं काही म्हणाली तरी विलास घरी येऊन हसायचा, कारण घरात तो फक्त विलास होता. आता आईनंच पेपरात सांगितलं होतं, आणि पेपर खोटं छापत नाही हे त्याला ठाम ठाऊक होतं. त्या रात्रीपासून त्यानं तिच्या हातून गोळी घेतली नाही. वाचूनही दाखवलं नाही. पेपर आला की घडी न उघडता तसाच ठेवायचा.

"मी पागल म्हनलंच नोतं, बाई," त्या म्हणाल्या. "तेवढं छापून दे. तुह्या पेपरात आलं का त्याले खरं वाटन. मंग तो गोळी घेईन."

एवढीच मागणी होती. मी त्यांना खुर्चीत बसवून सरांकडे गेले. सर म्हणाले की कोर्टाची नोटीस आली असती तर खुलासा छापला असता, पण आईनं पगला म्हटलं की पागल, याचा खुलासा छापला तर लोक हसतील. आणि खुलासा छापायचा म्हणजे चूक कुणाची ते वर रायपूरला कळवावं लागेल. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मुलीच्या कॉलेजची फी दिसली, माझी नोकरी दिसली. मी परत आले आणि कमलाबाईंना सांगितलं की शब्द ऑफिसात बदलला, छापणं अवघड आहे, पण मी स्वतः घरी येऊन विलासला सांगते. कोनं बदलला, त्यांनी विचारलं. ऑफिसात, मी पुन्हा म्हटलं. येत्या रविवारी येते म्हणून मी शब्द दिला.

त्या रविवारी मंत्र्यांचा दौरा होता. पुढच्या रविवारी घरी पाहुणे होते. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. मी घरी कपाट आवरत बसले. समोर जाऊन काय बोलायचं तेच ठरत नव्हतं. मरोदा माझ्या घरापासून स्कूटीनं वीस मिनिटांवर आहे.

दोन महिन्यांनी कमलाबाई पुन्हा आल्या. विलास घर सोडून गेला होता. सायकल नेली नाही, चप्पल नेली. गोळी बंद झाल्यावर आवाज मोठे झाले होते, तो दार लावून बसायचा, आईच्या हातचं पाणीही घेत नव्हता. आणि एका सकाळी नव्हता. त्यांच्याजवळ त्याचा आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटो होता.

हरवलेल्या माणसांच्या जाहिराती आमच्याकडे "तलाश है" या सदरात यायच्या. त्यांचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, उंची, रंग, कपडे, आणि अशा माणसांच्या बाबतीत शेवटी एक ठरावीक वाक्य: मानसिक स्थिति ठीक नहीं है. मी फॉर्म भरत होते. त्या वाक्याशी आल्यावर मी कमलाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ते नको. मी ते खोडलं. मग त्याजागी काय लिहू, मी विचारलं.

"लिही, का मायनं पगला म्हनलं होतं."

बातमीच्या पानावर जे मावलं नाही ते जाहिरातीच्या पानावर मावलं, कारण जाहिरात विभागाला चुकीचं काही दिसलं नाही. मी तो मजकूर स्वतः टाइप केला: विलास, माँ ने पगला कहा था, पागल नहीं. घर आ जाओ. प्रूफ तीनदा काढलं. एकेका अक्षरावर पेन्सिल ठेवून काना कुठं आहे ते पाहिलं. इतक्या काळजीनं मी आयुष्यात एकही मजकूर तपासला नव्हता. तीन दिवस ती जाहिरात आली.

पाचव्या दिवशी भिलाईबाहेरच्या अहिवाऱ्याहून फोन आला. तिथल्या एका चहाच्या हॉटेलवाल्यानं शेवटच्या दिवशीच्या अंकातला फोटो ओळखला होता. मी रजा टाकली आणि कमलाबाईंना घेऊन बसनं गेले. हॉटेलवाला भला माणूस होता. त्यानं सांगितलं की दाढी वाढलेला एक माणूस बाकावर बसून पेपर वाचत होता, वाचता वाचता त्यानं एक चौकोन फाडून घेतला आणि मागवलेला चहा तसाच ठेवून निघून गेला. खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यानं गेला. हॉटेलवाल्यानं तो पेपर ठेवला होता. मधे चौकोनी भोक होतं. पान बरोबर होतं, जागाही बरोबर होती. पण पानाला दोन बाजू असतात, आणि त्या जागेच्या पाठीमागे एका सिमेंटच्या दुकानाची जाहिरात होती. त्यानं कोणती बाजू फाडून नेली, ते मला कधीच कळणार नाही. कमलाबाईंनी भोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, इथं आपलं होतं का? मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा इतक्या महिन्यांनी थोडा उजळला.

आम्ही दिवसभर फिरलो. खाणीकडचे लोक, ट्रक ड्रायव्हर, देवळातले बैरागी, सगळ्यांना फोटो दाखवला. तो सापडला नाही. परतीच्या बसमध्ये कमलाबाई त्या पेपरची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि माझे उपकार मानत होत्या. तू होतीस म्हणून त्याले समजलं, बाई, तू होतीस म्हणून छापलं. हे त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मला ते सहन होईना. मी त्यांना सांगितलं. ऑफिसात कुणी नाही, मावशी. तो शब्द मीच बदलला. तुमी येडा कशापायी म्हनलं ते मले कळलं होतं, तरी बदलला.

बस नंदिनीचा फाटा ओलांडून पुढं आली. मी वाट बघत होते की आता त्या रडतील, हात झटकतील, निदान तोंड फिरवतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जसं पहिल्या दिवशी अंगणात पाहिलं होतं.

"मंग मले कावून सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "त्याले सांग."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. कमलाबाई मरोद्यातच आहेत, पेपर त्यांनी बंद केला. मी महिन्यातून एकदा अहिवाऱ्याच्या बसमध्ये बसते, त्या हॉटेलात जाते, बाकावर बसून चहा पिते. हॉटेलवाला आता मला ओळखतो. मी काही विचारायच्या आधीच तो मान हलवून नाही म्हणतो.